कुणी पाहिलं? : आमच्या शनिवारच्या कट्ट्याची गोष्ट

(यंदाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना राहून गेलेले एक-दोन तपशील लिहिताना घातले आहेत.)





मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाचं विचारलं तेव्हा आम्ही गडबडूनच गेलो. या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले. आम्ही पडलो डिप्लोमावाले. राज्य सरकारच्या जलसंसाधन खात्यात कालवे, बंधारे आणि पाण्याची पातळी बघण्यात आमची वीस-बावीस वर्षं गेली. चिटणीस म्हणाले, "शनिवारी तुम्ही मंडळी गच्चीवर बसून पुस्तकांवर जे बोलता ना, तेच इथे बोला. फक्त भांडू नका." आता भांडण वगळलं तर आमच्या कट्ट्याचं उरतं काय? तेव्हा एक भांडण सांगावंच लागेल. ते मिटलं कसं तेही सांगतो.

आमचा कट्टा म्हणजे सातजण. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेत संस्कृत शिकवलेल्या काकू, औषधांचं दुकान चालवणारे दादा, त्यांची मुलगी, रेल्वेतले एक भाऊ, सर्वांत वडील आबा आणि आम्ही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लष्करातल्या एका गच्चीवर जमायचं, चहा-पोहे घ्यायचे, आणि गेल्या महिन्यात काय वाचलं ते प्रत्येकानं दहा मिनिटांत सांगायचं. एवढाच कार्यक्रम. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. पोहे आळीपाळीनं.

वाचायचं काय, याला बंधन नाही. पण कसं कोण जाणे, दोनच ढीग तयार झाले. एक लढायांचा आणि दुसरा रहस्यांचा. एकीकडे रियासत, बखरी, पानिपत, महादजी. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, नारळीकरांच्या विज्ञानकथा.

याचं कारण आमच्या सुरुवातीत आहे. सातेक वर्षांपूर्वी आपल्याच एका ओळखीच्या घरातला जुना वाडा रिकामा होत होता. मुलं पुण्यात आणि परदेशात. माळ्यावरची ट्रंक खाली आणली आणि रद्दीवाला तराजू घेऊन बसला. दादा औषधं पोचवायला तिथे गेले होते. त्यांनी डोकावून पाहिलं, तर वर सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'चे दोन खंड आणि खाली पंचवीस-तीस पातळ पातळ रहस्यकथा, पिवळ्या पडलेल्या. दादांनी रद्दीच्या भावानं सगळी ट्रंक उचलली. घरी आल्यावर कळलं, की त्या घरातले आजोबा बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसमोर रियासत उघडून बसायचे आणि रियासतीच्या पोटात अर्नाळकर असायचा!

हे ऐकून आम्ही सगळे हसलो. मग एकेक जण कबूल करत गेला. बँकवाले काका म्हणाले, "आम्ही स्नानगृहात धारप वाचायचो, आणि मग तिथून बाहेर यायची भीती वाटायची." तेव्हा कट्ट्याचा पहिला नियम ठरला : जे वाचलं ते खरं सांगायचं, लाजायचं नाही. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणारी माणसं होती म्हणूनच लिहिल्या ना? ती माणसं आपल्याच घरातली होती.

दुसरा नियम काकूंनी आणला. त्या पोलिसांच्या वर झडती घेतात. कुणी म्हणालं, "मस्तानीला तेव्हा असं वाटलं", की काकू चष्मा वर करून विचारणार, "कुणी पाहिलं?" रहस्यकथेत प्रत्येक साक्षीदाराला तीन प्रश्न विचारतात. तू कुठे होतास? पाहिलंस की ऐकलंस? आणि हे सांगण्यात तुझा फायदा काय? काकूंचं म्हणणं, हेच तीन प्रश्न लढाईच्या पुस्तकालाही विचारावेत. तेव्हापासून आमचे दोन ढीग वेगळे राहिलेच नाहीत.

उदाहरणार्थ पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातलं पानिपत विश्वास पाटलांच्या १९८८ सालच्या कादंबरीतून आलेलं आहे. उत्तम कादंबरी, आमच्याकडच्या प्रतीची पानं सुटली आहेत इतकी ती फिरली. पण साक्षीदार कोण? नाना फडणीस तिथे स्वतः होते, एकोणिसाव्या वर्षाच्या आतबाहेरचे. जीव वाचवून परत आले आणि त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं. काशीराज पंडितही तिथे होता, पण शुजाउद्दौलाच्या पदरी, म्हणजे समोरच्या छावणीत. त्यानं फारसीत लिहिलं ते जवळजवळ वीस वर्षांनी. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात त्या काळातली अस्सल पत्रं आली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं मराठी 'पानिपत' १९६१ साली, बरोबर दोनशे वर्षांनी आलं. रेल्वेतल्या भाऊंनी ही सगळी यादी भिंतीवर खडूनं लिहिली होती. आत कोण, बाहेर कोण, पाहिलेलं कुणाचं, ऐकलेलं कुणाचं. एखाद्या खुनाचा तपास चालू असावा तशी ती भिंत दिसत होती.

आणि त्यात सांकेतिक पत्रही आहे! नानासाहेब पेशवे उत्तरेकडे यायला निघाले होते. ते भेलशाच्या, म्हणजे आपल्या आजच्या विदिशाच्या आसपास असताना त्यांना सराफी पेढीच्या भाषेतलं एक पत्र हाती लागलं. मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची गणतीच नाही, अशा अर्थाचं. त्यावरून त्यांना कळलं काय झालं ते. आमच्या नोकरीची तीन वर्षं विदिशात गेली. रोज बेतवेची पातळी नोंदवत होतो, पण ही बातमी इथे पोचली होती हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर त्या तीन वर्षांकडे आम्ही वेगळ्याच नजरेनं बघू लागलो.

आता भांडणाकडे येतो.

आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या घरात सांगतात, की त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असंच सांगतात. वाडा गेला, जमीन गेली, कागद वाळवीनं खाल्ले. आबांकडे राहिली ती गोष्ट. दर संक्रांतीला ते तिळगूळ वाटताना दत्ताजी शिंद्यांची गोष्ट सांगतात. १० जानेवारी १७६०, दिल्लीजवळ यमुनेचा बुराडी घाट, दत्ताजी जखमी होऊन पडलेले, शत्रू जवळ येऊन विचारतो आणि दत्ताजी उत्तर देतात. ते उत्तर इथे म्हणून दाखवायची गरज नाही. या सभागृहातल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. आबा ते म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आबांनी ते म्हटलं आणि सगळे गप्प झाले. तेवढ्यात दादांची मुलगी, तेव्हा नुकतीच कट्ट्यावर येऊ लागलेली, म्हणाली, "पण आबा, हे ऐकलं कुणी? दत्ताजी तर तिथेच मारले गेले. जवळ होते ते शत्रू. मग आपल्या माणसांना कुणी सांगितलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं आमचाच नियम चालवला होता. पण आबांनी तिळगुळाचा डबा खाली ठेवला, मफलर गुंडाळला आणि उठले. जाताना एवढंच म्हणाले, "आमच्याकडं तेवढंच राहिलं होतं, पोरी. ते पण तपासायला काढलंस."

फेब्रुवारीत आबा आले नाहीत. मार्चमध्येही नाहीत. कट्ट्यावर पोहे उरायला लागले. आम्हांलाही आतून टोचत होतं. नियम चांगला, पण त्या नियमानं एका म्हाताऱ्या माणसाला घरी बसवलं असेल तर तो नियम काय कामाचा? बँकवाले काका म्हणाले, "थोरांच्या बाबतीत नियम सोडावा." काकू म्हणाल्या, "मग तो नियम कसला?" दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि त्यामुळेच वाद काही संपेना.

तो संपवला त्या मुलीनंच. तिच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाचा धडा होता. जयंत नारळीकरांचा. शाळेत तो तिनं वाचला आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, यात पानिपत आहे!" दादांनी आपल्या ट्रंकेतून नारळीकरांची मराठी कथा काढून दिली : 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिला माहीतच नव्हतं, की ही गोष्ट मराठीतही आहे. पुस्तक घेऊन ती एकटीच आबांच्या घरी गेली. आबांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. ती रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांना वाचून दाखवू लागली.

ज्यांनी ती कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. का जिंकले? तर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात हुकली. एका गोळीचं अंतर! आबा म्हणे ते ऐकून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आणखी एक गंमत, त्या जगातल्या लोकांना भाषणांचा इतका वीट आलेला असतो, की गंगाधरपंत सवयीनं व्यासपीठावर चढतात तेव्हा लोक त्यांना अंडी-टोमॅटो मारून हाकलतात. आज इथे येताना आम्हांला तेच आठवत होतं. आपण फार सोशिक श्रोते आहात.

पण कथेचा गाभा पुढे आहे. गंगाधरपंत आपल्या जगात परततात, तेव्हा त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्याजवळ पुरावा म्हणून एक फाटलेलं पान असतं. कशाचं? भाऊसाहेबांच्या बखरीचं! तिथे पोचल्यावर आबा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "म्हणजे नारळीकरांनीसुद्धा विचारलंच की, कुणी पाहिलं!"

एप्रिलच्या शनिवारी आबा जिना चढून आले. हातात एक वही. त्या मुलीकडून त्यांनी बखरीतला आणि पुस्तकांतला भाग पुन्हा वाचून घेतला होता आणि टिपणं काढायला लावली होती. ते म्हणाले, "मी तपासलं. ते वाक्य आपल्याला बखरीनं दिलं. बखर पानिपतानंतर रचलेली. कुणी ऐकलं, ते मला सांगता येत नाही. पण बुराडी घाट खरा. तारीख खरी. जनकोजी जखमी होऊन निघाले ते खरं. दत्ताजी परत आले नाहीत ते खरं. वाक्य काढून ठेवलं तरी माणूस उभाच राहतो." मग थांबून म्हणाले, "ते वाक्य मी म्हणणार. मरेपर्यंत म्हणणार. पण त्याच्या आधी 'बखरीत असं आहे' हे तीन शब्द म्हणणार. बस, एवढंच तुमचं मानलं."

आमच्या कट्ट्यानं गेल्या सात वर्षांत काय कमावलं असं कुणी विचारलं, तर हे तीन शब्द. गोष्ट टाकायची नाही, आणि गोष्टीला कागदाची जागाही द्यायची नाही. दोन्ही हातांत दोन वस्तू धरायला शिकायचं.

आबा परत आले ते नवीन खूळ घेऊनच. म्हणाले, "चारशे किलोमीटरवरच्या पानिपतावर आपण सात वर्षं बोलतोय. इथल्या लढायांचं काय?" खरंच की. आपला किल्ला रोज डोळ्यांसमोर असतो. वर बघायची सवय मोडली आहे, एवढंच.

त्या महिन्यात सगळ्यांनी किल्ल्यावरचं वाचायचं ठरलं. रहस्यकथेत एक ठरलेला प्रकार असतो. खोली आतून बंद, आणि तरी चोर आत शिरलेला. दादा म्हणाले, "आपला किल्लाच ती बंद खोली आहे." १७८० सालच्या ऑगस्टमध्ये किल्ला महादजींच्या शिबंदीच्या ताब्यात होता. ३ ऑगस्टच्या रात्री कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम यानं तो घेतला. दरवाजा फोडून नाही, तोफा लावूनही नाही. गोहदच्या राण्याच्या मुलखातल्या, चोरवाटा ठाऊक असलेल्या माणसांनी वर चढायची जागा दाखवली. शिड्या आणि दोर तयार केले. शिपायांच्या पायांचा आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले जोडे करवले. कॅप्टन ब्रूस निवडक शिपाई घेऊन आधी वर गेला, आणि पहारा जागा होईपर्यंत बंद खोली उघडली होती. पुढे १७८२ साली आपल्या इथूनच जवळच्या सालबाईला तह झाला, आणि १७८३ साली महादजींनी किल्ला गोहदकरांकडून परत घेतला. पण आपल्या मुलांना तो कापसाचा जोडा सांगा. मुलं इतिहासाचं पुस्तक मिटतात, जोडा विसरत नाहीत.

आणि मग आलं महाराजपूर. खरं सांगायचं तर आम्हांपैकी कुणालाही ती लढाई नीट माहीत नव्हती. महाराजपूर म्हटलं की ग्वाल्हेरकराला विमानतळ आठवतो.

हकीकत अशी. १८४३ च्या फेब्रुवारीत दुसरे जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. राणी ताराबाई स्वतः बारा-तेरा वर्षांच्या. जयाजीराव दत्तक आले, तेही लहान मूल. कारभार कुणी करायचा, मामासाहेब की दादा खासगीवाले, यावर दरबारात दोन तट पडले. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याला निमित्त पाहिजे होतं ते मिळालं. आग्र्याकडून एक फौज सर ह्यू गफ याच्या हाताखाली आणि दक्षिणेच्या बाजूनं दुसरी जनरल ग्रे याच्या हाताखाली निघाली. २९ डिसेंबर १८४३, एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. गफची महाराजपूरला आणि ग्रेची पनियारला. दोन्ही आपण हरलो.

इंग्रजी पुस्तकातलं पनियार म्हणजे शिवपुरीच्या वाटेवरचं आपलं पनिहार, हे लगेच कळलं. पण महाराजपूर कुठलं? बँकवाले काकांनी लगेच विमानतळाकडे बोट दाखवलं. इथे आमच्या खात्याची विद्या कामाला आली. इंग्रजी हकिकतीत फौजेनं ओलांडलेली नदी 'कोहारी' आहे, आणि शिंद्यांच्या फौजेची मूळ जागा 'आसन' नदीवर चौंदा गावाजवळ. कोहारी म्हणजे आपली क्वारी. क्वारी आणि आसन दोन्ही मुरैन्याच्या बाजूला वाहतात. खात्याच्या नकाशावर बोट ठेवून आम्ही सांगितलं, "काका, विमानतळाजवळ या नद्या आणायच्या तर नवा कालवा काढावा लागेल." गाव नाव बदलतं, नावाची दोन-दोन गावंही असतात. नदी मात्र साक्ष बदलत नाही. नोकरीत एवढं समाधान आम्हांला बढतीच्या वेळीही झालं नव्हतं.

गेल्या डिसेंबरच्या २९ तारखेला दोन गाड्या करून आम्ही गेलो. आबा पुढच्या सीटवर, मांडीवर वही. काय दिसलं? मोहरी. नजर पोचेल तिथपर्यंत पिवळीधमक मोहरी. आम्ही बांधावर नकाशा उघडून उभे राहिलो, तर एक शेतकरी येऊन विचारतो, "नहर वाले हो क्या? पानी कब छोड़ोगे?" आम्ही सरकारी माणूस, चेहऱ्यावर लिहिलेलंच असतं. त्याला म्हटलं, "दादा, इथे लढाई झाली होती." तो म्हणाला, "हमें तो किसी ने बताया नहीं." मग म्हणाला, "कौन जीता?"

आबांनीच त्याला हिंदीतून सगळी लढाई सांगितली. इंग्रजांना वाटलं होतं शिंद्यांची फौज मागे चौंद्याला असेल. पण ती रात्रीत पुढे सरकून महाराजपूरला तोफा लावून बसली होती. गफबरोबर एलेनबरोही होता आणि हत्तीवर बसून इंग्रज बायका सहलीला आल्यासारख्या आल्या होत्या. पहिले गोळे त्या हत्तींच्या आसपास पडले तेव्हा कळलं, ही सहल नाही. त्या दिवशी महाराजपूरला इंग्रजांचे सुमारे ८०० मृत आणि जखमी झाले. आपले कितीतरी अधिक. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांपाशीच मारले गेले. हे आपली बखर सांगत नाही, हे शत्रूनं लिहिलं आहे. काकूंचा तिसरा प्रश्न आठवा : हे सांगण्यात त्याचा फायदा काय? आपल्या विजयाचं मोल वाढवणं, हा थोडा फायदा मानला तरी साक्ष भक्कम आहे.

आणि ते गोलंदाज कोण होते? कवायती पलटणी होत्या त्या. त्यांत आपल्यासारखे दक्षिणेतून आलेले होते, त्याहून जास्त इथलेच, हिंदुस्तानी बोलणारे. आबा ते सांगत असताना तो शेतकरी बांधावर बसला. म्हणाला, "तो फिर हमारे भी रहे होंगे." आबा म्हणाले, "आप ही के रहे होंगे, भैया." एकशे ऐंशी वर्षांनी त्या शेतात त्यांची आठवण निघाली. एका मराठी म्हाताऱ्यानं काढली, हिंदीत.

परतताना गाडीत फार कुणी बोललं नाही. पानिपतावर कादंबऱ्या आहेत, नाटकं आहेत, सिनेमा आहे. महाराजपूरवर काय आहे? पानिपतातही आपण हरलोच होतो, पण तिथे परकं आक्रमण होतं, हौतात्म्य होतं. महाराजपूरला आधी आपल्या घरातलं भांडण होतं. अशी हार सांगायला जड जाते, म्हणून ती घरात सांगितली गेली नाही, असं आमचं मत झालं. जिंकणाऱ्यांनी मात्र जपून ठेवली. पकडलेल्या तोफांच्या धातूचा तारा करून त्यांनी आपल्या सैनिकांच्या छातीवर लावला. त्याच तोफांच्या धातूचा घुमट केलेलं ग्वाल्हेर स्मारक कोलकात्याला हुगळीच्या काठी उभं आहे. रेल्वेतले भाऊ पूर्वी ड्यूटीवर असताना त्याच्या शेजारी उभं राहून चहा प्यायले होते. "हे ग्वाल्हेरचं, हे तेव्हा ठाऊक असतं तर हात तरी लावला असता," असं ते अजून म्हणतात.

रसिकहो, आता थोडं मुलांविषयी बोलतो. आपल्या घरातली चौथी-पाचवी पिढी देवनागरी सहज वाचते, कारण हिंदी आहे. तेवढ्यानं मराठी येत नाही. आमच्या धाकट्यानं पहिल्यांदा अर्नाळकर हातात घेतला तेव्हा 'काळापहाड'चा 'कालापहाड' केला. 'ळ' त्याच्या जिभेवर बसेना. 'चोराला शिक्षा झाली' हे वाचून म्हणतो, "बाबा, चोराला शाळेत घातलं का?" हिंदीतली शिक्षा वेगळी ना! पण गंमत अशी, की पुढे काय झालं हे कळल्याशिवाय त्याला राहवेना. म्हणून तो अडखळत वाचत राहिला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्यानं महिन्याभरात संपवला. आता 'ळ' नीट येतो. आम्ही त्याला व्याकरण शिकवायला बसलो असतो तर अजून पहिल्या पानावर असतो. ज्या पुस्तकांना आपण हलकी म्हणून रियासतीच्या पोटात लपवली, तीच आज मुलांच्या हाताला धरून मराठीत आणतायत.

या महिन्यात कट्ट्यावर कोण काय वाचतंय तेही सांगून टाकतो, म्हणजे कुणाला हवं असेल तर मागता येईल. काकूंकडे गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी ऐकून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेला निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. काकूंच्या पहिल्या दोन प्रश्नांना पुरून उरणारा असा साक्षीदार विरळा. भाऊंकडे शेजवलकर. दादा पुन्हा धारपांकडे वळले आहेत आणि रात्री दुकान बंद करताना दिवा सर्वांत शेवटी मालवतात. बँकवाले काका भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचतायत. मुलगी यंदा बारावीत आहे, तरी नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' तिनं वाचली आणि तेव्हापासून प्रत्येक मूर्तीची सोंड बघते. आज इथल्या मूर्तीचीही बघून झाली आहे. आणि आबा? आबा महाराजपूर लिहितायत. स्वतः सांगतात आणि ती मुलगी लिहून घेते. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात दोघांनी खूण ठेवली आहे : 'पाहिलेलं', 'ऐकलेलं' आणि 'आबांना वाटतं'.

शेवटी एक विनंती, मग प्रसाद. आपल्या माळ्यावर ट्रंका असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली येतील. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा आम्हांला फोन करा. चिटणीसांकडे नंबर आहे. रियासत असो की रहस्यकथा, दोन्ही घेऊ. रोजनिशी, जुनं पत्र, पेन्शनचा कागद असला तर तो मात्र कुणालाही देऊ नका, आम्हांलाही नाही. स्वतः वाचा, घरच्यांना वाचून दाखवा.

आणि घरात एखादी गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत आले असाल तर ती सांगत राहा. नातवंडानं विचारलं, "कुणी पाहिलं?" तर रागावू नका. त्यानं विचारलं याचा अर्थ त्यानं ऐकलं. त्याला जवळ बसवा आणि म्हणा, "ये, आपण दोघं शोधू."

दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. पुढच्या वेळी पोहे आमच्याकडे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!